मस्टँगचं नाक खाली आणणारी चार भोकं

जुनी अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनची वेगवान गाडी) पुढून खाली घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, स्प्रिंगचा एक वेढा काप आणि मोकळा हो. गाडी खाली येतेच, पण स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती कडक होते, चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि जरा खड्डा आला की कंट्रोल आर्म (चाक सांगाड्याला जोडणारा दांडा) बम्प स्टॉपवर, म्हणजे त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, धाडकन आपटतो, वर लोक म्हणणार की जुन्या गाड्या अशाच दणके देतात. अहो नाही देत!

खरं तर यावरचा तोडगा मसल कारपेक्षाही जुना आहे. कॅलिफोर्नियातली हॉट रॉडवाली, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारी पोरं जुन्या फोर्डचा पुढचा सरळसोट अ‍ॅक्सल काढायची, तापवून त्याची दोन्ही टोकं वर वाकवून घ्यायची आणि परत बसवायची. पाट्याची स्प्रिंग तीच, तिची हालचाल तेवढीच, पण गाडी खाली. म्हणजे स्प्रिंगला हात न लावता ती जिथे जोडलीय ती जागा बदलायची, आणि पुढचे सगळे चांगले उपाय माझ्या मते याच विचारातून आलेत.

मग साठच्या दशकात या गाड्यांचं नाक एवढं वर का? एक तर ड्रॅग रेसचं, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीचं वेड, त्यात वजन मागच्या चाकांवर गेलेलं बरं, म्हणून नाक वर असलं तर कोणाची तक्रार नव्हती. दुसरं म्हणजे गाड्या स्वस्तात बनायच्या. मस्टँग एप्रिल 1964 मध्ये आली ती फाल्कन नावाच्या साध्या फॅमिली गाडीच्या सांगाड्यावर, तिची पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि वळणावर बॉडी झुकली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं. टायरची कडच घासते, गाडी सरळ पळायला बघते.

फोर्डचे सस्पेन्शन इंजिनियर क्लाउस आर्निंग यांनी भूमितीचा हिशोब केला की वरच्या आर्मचा आतला जोड साधारण 1 इंच खाली घेतला तर चाक वर जाताना त्याचं डोकं आत ओढलं जातं, म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हवा त्या बाजूला जातो. रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या लॉस एंजेलिसच्या वर्कशॉपमध्ये 1965 च्या जीटी 350 या रेसवाल्या मस्टँगसाठी हेच केलं, फोर्डच्या सॅन होजे कारखान्यातून आलेल्या पांढऱ्या फास्टबॅक (उतरत्या छताच्या) मस्टँगच्या शॉक टॉवरला, म्हणजे स्प्रिंग आणि आर्म धरणाऱ्या पत्र्याच्या खांबाला, एकेका बाजूला दोन नवी भोकं, चारही मिळून काम खलास! स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसलेली असल्यामुळे गाडीही आपोआप पाऊण इंचाच्या आतबाहेर खाली येते. सोबत कोनी शॉकअप आणि 1 इंच जाडीचा अँटी-रोल बार (वळणावर बॉडी कमी झुकू देणारा दांडा) होता. ती गाडी आरामदायक होती असं मात्र मी म्हणणार नाही, रेससाठी बनवलेली होती, शॉकअप कडकच होते. पण भोकांनी राइड बिघडवली नाही हे महत्त्वाचं. 1966 च्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर शेल्बीनेच खर्च वाचवायला हे काम बंद केलं, आता बोला. आज लोक ते घरी टेम्प्लेट लावून करतात. काहीजण 1 इंचावर न थांबता आणखी खाली जातात, तिथे बॉल जॉइंटचा (आर्मच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचा) कोन संपतो आणि खाली पाचर घालायला लागते.

क्रायस्लरवाल्यांना हे सोपं होतं असं वाटतं, 1957 पासून पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), एक बोल्ट सैल केला की गाडी खाली. पण बम्प स्टॉपपर्यंतचं अंतरही तेवढंच कमी होतं, म्हणून खाली घेतलेल्या क्रायस्लरच्या डॉज चार्जरला जाड बार घालावा लागतो, नाहीतर तीच आदळआपट.

शेव्हर्लेची शेव्हेल आणि जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) बाकी भावंडांसाठी 2 इंची ड्रॉप स्पिंडल (स्पिंडल म्हणजे चाक धरणारा भाग) आले, चाकाचा दांडाच वर सरकवलेला, म्हणजे पुन्हा तो वाकवलेला अ‍ॅक्सलच. आर्मचे कोन आणि स्प्रिंगचा प्रवास कंपनीने दिला तसाच राहतो, त्यामुळे राइड शाबूत. पण या गाड्यांचा मूळ स्पिंडलच बुटका, कॅम्बरचं दुखणं त्याने जात नाही. त्यावर शेव्हर्लेच्याच मोठ्या कॅप्रिस गाडीचे उंच स्पिंडल बसवायची टूम आली, कॅम्बर सुधारला पण टाय रॉड (स्टिअरिंगचा चाकाला जोडणारा दांडा) आणि आर्म वेगवेगळ्या चापात फिरायला लागले, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळायला लागलं, म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणलं. शेवटी कंपन्यांनी उंच आणि ड्रॉप दोन्ही जमवलेले स्पिंडल आणि नळीचे आर्म काढले, आणि त्यातही स्टिअरिंग आर्मची जागा नीट नसेल तर पैसे पाण्यात.

रेडियल टायर आल्यावर तर जुने अलाइनमेंटचे आकडेही बाद झाले, ते तेव्हाच्या बायस-प्लाय टायरसाठी होते, त्यामुळे 1965 चं मॅन्युअल बघून कॅम्बर लावणाऱ्याला आधी टायर कोणते आहेत ते विचारा.