मागे सरणाऱ्या पाण्याचे पक्षी : सातारा-सांगलीच्या तलावकाठांची पार्श्वभूमी

माघात सकाळी मायणीच्या तलावावर गेले की पाण्याच्या कडेला हातभर रुंदीचा ओलसर, काळपट चिखलाचा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यावर चिमणीपेक्षा फारसे मोठे नसलेले छोटे टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर खालीवर करत चालत असतात. शेजारीच कंठेरी चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, वाकून काहीतरी उचलतो आणि पुन्हा धावतो. आठवड्याने तिथेच जावे तर तो पट्टा आठ-दहा पावले आत सरकलेला असतो आणि पक्षीही त्याच्याबरोबर आत गेलेले असतात. या पक्ष्यांचा आपल्या भागातला इतिहास समजून घ्यायचा तर तलावात पाणी किती आहे यापेक्षा ते कसे आणि केव्हा मागे सरते, याकडे पाहावे लागते.

काठावरचे पक्षी म्हणून आपण ज्यांना एकत्र मोजतो ते सगळे एका कुळातले नाहीत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये पक्ष्यांचे वर्गीकरण मांडले तेव्हा लांब पायांचे पक्षी त्याने एकाच गणात घातले होते, आणि त्यात बगळे, बलाक, चमचे, रोहित (फ्लेमिंगो), पाणलावे यांच्याबरोबर माळढोक आणि शहामृगही होते. पुढच्या अभ्यासाने हा गट मोडला. टिटवी, चिखल्या, तुतवार, टिलवा, शेकाट्या, पाणलावा आणि कमळपक्षी हे एका गणात राहिले. बगळे आणि शराटी झोळीवाल्याच्या म्हणजे पेलिकनच्या जवळचे निघाले, तर रोहित हा सगळ्यांत जवळचा नातेवाईक ठरला तो आपल्या विहिरी-तळ्यांत बुड्या मारणाऱ्या छोट्याशा टिबुकलीचा. लांब पाय हे रक्ताच्या नात्याचे लक्षण नसून उथळ पाण्यात पोट भरण्याच्या एकाच गरजेतून वेगवेगळ्या कुळांत घडलेली गोष्ट आहे.

हीच गरज चोचींमध्ये अधिक स्पष्ट दिसते. चिखल्या आणि टिटवी डोळ्यांनी शिकार शोधतात, म्हणून त्यांचे डोळे मोठे आणि चोच आखूड असते. पाणलाव्याची चोच लांब आणि सरळ असून तिच्या टोकाशी स्पर्शाची सूक्ष्म केंद्रे असतात. चिखलात रुतलेल्या चोचीचे फक्त टोक उघडून तो आतल्या आत किडा पकडू शकतो, आणि त्याचे डोळे डोक्याच्या इतके मागे असतात की चोच जमिनीत असतानाही मागून येणारा शत्रू त्याला दिसतो. शेकाट्या लालसर काटकुळ्या पायांवर पोटरीभर पाण्यात हिंडतो, तर चमच्या चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून डावीउजवीकडे फिरवत पाणी चाळत जातो. एकाच काठावर चार-सहा जाती भांडणाशिवाय चरतात, त्याचे कारण प्रत्येक जात पाण्या-चिखलाच्या वेगळ्या खोलीवर चरते. मात्र इतक्या वेगवेगळ्या खोलीचे पाणी मिळण्यासाठी काठ उतरता हवा, आणि उभ्या कापलेल्या काठावर यांतली एकही जात फार वेळ थांबत नाही.

आपल्या भाषेला या पक्ष्यांची ओळख जुनी आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर टीका लिहिताना पहिल्याच अध्यायात आपल्या प्रयत्नाला चोचीने समुद्र मोजू पाहणाऱ्या टिटवीची उपमा दिली आहे. आपल्याकडे टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर आणि खोलगट जागी घातली तर कमी, असा अंदाज जुनी माणसे अजूनही बांधतात. अंदाज खरा ठरो वा न ठरो, टिटवी घरटे बांधत नाही, उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर खडे सारून बहुधा चार अंडी घालते, हे त्यामागचे निरीक्षण अगदी नेमके आहे.

लेखी नोंदींना सुरुवात झाली ती कंपनी सरकारच्या काळात. कर्नल विल्यम साइक्स हा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनमध्ये सांख्यिकी माहिती गोळा करत होता, आणि त्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. इतर इंग्रज अधिकाऱ्यांचा पाणथळींशी संबंध मुख्यतः बंदुकीतून आला. वेडीवाकडी वळणे घेत उडणाऱ्या पाणलाव्याला टिपणे हे कौशल्याचे काम मानले जाई, आणि पाणलाव्याच्या ‘स्नाइप’ या इंग्रजी नावावरून ‘स्नायपर’ हा शब्द अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या बोलण्यातूनच रूढ झाला.

खरे वळण आले ते दुष्काळामुळे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला सुमारे १२० किलोमीटरवर असलेल्या म्हसवडकडे तो पाचशेच्या आसपास येतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा पट्टा या पर्जन्यछायेत आहे. माणगंगा आणि येरळा या नद्या पावसाळा सरला की कोरड्या पडत, त्यामुळे बारमाही पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांना इथे फारसा आधार नव्हता. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रज सरकारने या भागात पाटबंधाऱ्याची कामे हाती घेतली, आणि १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात मजुरांना काम देण्यासाठी काढलेल्या कामांत आजच्या सातारा-सांगली सीमेवरचा म्हसवडचा म्हणजेच राजेवाडीचा तलाव होता. मायणीचा आणि नेरचा तलावही ब्रिटिशकालीनच. उपाशी माणसांनी डोक्यावरून माती वाहून ज्या भिंती उभ्या केल्या, त्यांच्या मागे पसरलेले पाणी पुढे हजारो पक्ष्यांचे हिवाळी घर झाले, ही गोष्ट प्रत्येक पक्षिनिरीक्षकाने लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

हे तलाव पक्ष्यांना मानवले त्याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. माणदेशाचा भूभाग सपाट असल्याने भिंत बुटकी असली तरी पाणी लांबवर आणि उथळ पसरते. ते पावसाळ्याअखेर भरते, रब्बीच्या पाळ्यांना कालव्याने सुटते, उन्हाने आटते, आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रोज थोडा थोडा नवा चिखल उघडा पडत राहतो. मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येणाऱ्या पाहुण्यांचा मुक्काम नेमका याच महिन्यांत असतो. हिरवा तुतवार ऑगस्टपासूनच दिसू लागतो. जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात वीण उरकून इथवर येतो, आणि त्याला परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी याच चिखलातल्या अळ्या-किड्यांतून साठवावी लागते.

पश्चिमेकडच्या धरणांनी मात्र काठावरच्या पक्ष्यांना तेवढे दिले नाही. १९६४ मध्ये पूर्ण झालेले कोयना धरण १०३ मीटर उंच आहे, पण शिवसागराचे म्हणजे त्याच्या जलाशयाचे पाणी डोंगरांच्या अरुंद दऱ्यांत खोल उभे असते आणि त्याचे काठ बहुतेक ठिकाणी तीव्र उताराचे आहेत. कृष्णेच्या पात्रातल्या वाळूच्या पुळणींवर छोटी आर्ली आणि कंठेरी चिखल्या अंडी घालत. नदीवर बंधारे झाले, पाणी वर्षभर तुंबू लागले आणि वाळूचा उपसा वाढला, तशा या जागा आक्रसत गेल्या.

पक्षी येतात कुठून याचा पुरावा मिळू लागला तो वळ्यांमुळे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची वळी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, १९८२ मध्ये भारत पाणथळींच्या रामसर करारात सामील झाला आणि १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली, तीही जानेवारीत, म्हणजे आपले तलाव निम्मे उघडे पडलेले असतात तेव्हा. खटाव तालुक्यातले मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडीचे पाणी रोहितांमुळे सर्वदूर माहीत झाले, आणि २०२१ मध्ये मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले.

आता प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या उपसा योजनांचे पाणी पूर्वेच्या तालुक्यांत येऊ लागले आहे. ज्या गावांनी पिढ्यान्पिढ्या टँकरची वाट पाहिली, त्यांच्यासाठी ते यायलाच हवे होते, आणि पक्ष्यांसाठी ते अडवा असे कुणी म्हणू नये. परंतु तलाव फेब्रुवारीत पुन्हा काठोकाठ भरला की उघडा चिखल पाण्याखाली जातो आणि टिलवे-तुतवार निघून जातात. तसेच २०१७ पासून चाललेल्या गाळमुक्त धरणाच्या योजनेत उन्हाळ्यात पोकलेन लावून गाळ काढताना कडा उभ्या कापल्या गेल्या, तर पुढच्या हिवाळ्यात तिथे पाणी एकदम खोल होते. भिंतीजवळचा गाळ काढावा आणि ओढा जिथे तलावात उतरतो तो शेपटाकडचा उथळ भाग तसाच ठेवावा, एवढी विभागणी केली तरी साठवण वाढते आणि काठही राहतो. आवर्तनाची तारीख ठरवताना भरण थोडे थोडे करत मार्चअखेरपर्यंत नेता आले, तर बहुतेक पाहुणे पोट भरून परतलेले असतील.

त्यानंतरही काठ रिकामा नसतो. एप्रिल-मेमध्ये उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कुणी कडवळ केलेले असते, कुणाची मेंढरे बसलेली असतात, आणि ढेकळांच्या मध्ये शेकाट्या व टिटवी अंडी घालतात. भर दुपारी टिटवी ओटीपोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि तापलेल्या अंड्यांवर बसते. माणूस जवळ गेला की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते, आणि त्या वेळी पायाखाली नीट पाहिले, तर मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, टोके आत करून ठेवलेली, दोन पावलांवर सापडतात.