पार्श्वभूमी: क्लायस्ट्रॉन गेले, जायरोट्रॉन राहिले

इंदूरच्या सुखनिवास परिसरातील इंडस-2 या सिंक्रोट्रॉनमध्ये (इलेक्ट्रॉनांना वर्तुळात फिरवून प्रकाश मिळवणाऱ्या यंत्रामध्ये) 2005 साली इलेक्ट्रॉनांची शलाका प्रथम साठवली गेली, तेव्हा तिला ऊर्जा पुरवणारी 505.8 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींची केंद्रे क्लायस्ट्रॉनवर, म्हणजे अशा लहरी प्रबळ करणाऱ्या निर्वात नळीवर, चालत होती. आज तेच काम ट्रान्झिस्टर करतात. कॅलिफोर्नियात 1937 साली जन्मलेला क्लायस्ट्रॉन आणि बर्मिंगहॅमला 1940 साली तयार झालेला पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन (रडारसाठी सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी) यांचा युद्धकाळातील इतिहास सर्वपरिचित आहे. येथे प्रश्न पुढचा आहे: निर्वात नळीला निरोप कुठे देता आला आणि कुठे नाही?

इंडस-2 मध्ये 2.5 गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरणारा इलेक्ट्रॉन दर फेरीत सुमारे 623 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्रकाशरूपाने गमावतो. म्हणजे 100 मिलिअँपिअरच्या शलाकेला केवळ या भरपाईसाठी सुमारे 62 किलोवॅट लागतात. ही ऊर्जा शलाकेला देणाऱ्या धातूच्या पोकळ्यांच्या भिंतींत जिरणारी शक्ती निराळीच. भरपाई अपुरी पडली की शलाका नष्ट होते आणि 550 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून सारा खटाटोप नव्याने करावा लागतो, त्यामुळे प्रयोगासाठी मिळालेल्या वेळेतले काही तास वाया जातात.

क्लायस्ट्रॉन बदलण्याच्या निर्णयाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. एका केंद्राची सारी भिस्त एका नळीवर, नळीला उच्च व्होल्टेजचा पुरवठा हवा आणि ती बनवणारे कारखाने जगात मोजकेच. सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरांच्या, रचनेत प्रत्येकी काहीशे वॅटची अनेक मॉड्यूल कॉम्बायनरमधून (शक्ती एकवटणाऱ्या जोडणीतून) एकत्र जोडलेली असतात, ती काही दहा व्होल्टवर चालतात, आणि एक-दोन निकामी झाली तरी उरलेली काम निभावून नेतात. पॅरिसजवळच्या सिंक्रोट्रॉनने 2006 पासून 352 मेगाहर्ट्झवर हाच मार्ग चालवून दाखवला होता. आक्षेपही पोकळ नव्हते: जोडणीत काही शक्ती वाया जाते, सर्क्युलेटर (उलट परतणारी शक्ती वळवणारे भाग), केबल आणि शीतजलाचे शेकडो सांधे सांभाळावे लागतात, आणि मुळात टीव्ही प्रक्षेपणासारख्या बाजारांसाठी बनणाऱ्या ट्रान्झिस्टरांचे उत्पादन कारखाने कधी बंद करतील याचा नेम नसतो. वाद बहुधा कार्यक्षमतेच्या आकड्यांवर रंगतो, परंतु तो काहीसा फसवा आहे. क्लायस्ट्रॉनचा कागदावरचा आकडा संपृक्त, म्हणजे कमाल शक्तीच्या, अवस्थेतला असतो, तर प्रत्यक्षात त्याला नियंत्रणासाठी त्याहून खालीच चालवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा निकष सुट्या भागांच्या उपलब्धतेचा होता, आणि त्या निकषावर निर्णय योग्य ठरतो.

अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, म्हणजे संलयनाच्या, क्षेत्रात मात्र हा निकष लावून भागत नाही. तेथे प्लाझ्मा (आयनीभूत वायू) लहरींनी तापवण्यासाठी त्यातील इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय क्षेत्रातील परिभ्रमणाशी जुळणारी वारंवारता लागते, आणि ती चुंबकीय क्षेत्राच्या दर टेस्लामागे 28 गिगाहर्ट्झ या हिशेबाने शंभर गिगाहर्ट्झच्या पुढे जाते. या पट्ट्यात एका चिपमधून मुश्किलीने वॅटभर शक्ती निघते, तेव्हा एक मेगावॅटसाठी किती चिपा जोडाव्या लागतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. क्लायस्ट्रॉनच्या पोकळ्याही या वारंवारतेला मिलिमीटरभर उरतात आणि उष्णता झेलू शकत नाहीत. गॉर्की येथे 1964 साली साकारलेल्या जायरोट्रॉन या निर्वात नळीमध्ये पोकळी तरंगलांबीच्या मानाने बरीच मोठी ठेवता येते. त्याची किंमत म्हणजे 170 गिगाहर्ट्झला साडेसहा टेस्लाहून प्रबळ अतिवाहक चुंबक. विसाव्या शतकाच्या शेवटी लहरी बाहेर सोडणारी कृत्रिम हिऱ्याची खिडकी आली आणि उरलेली इलेक्ट्रॉन-ऊर्जा परत मिळवणारा कलेक्टर रुळला, तेव्हा कार्यक्षमता पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि मेगावॅटची शक्ती मिनिटेच्या मिनिटे टिकू लागली. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संलयन अणुभट्टीसाठी (इटर) असे 24 जायरोट्रॉन ठरले, त्यांपैकी दोन भारताच्या वाट्याचे. पुढे आतील भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनची करण्याचे ठरल्यावर या तापनाची मागणी आणखी वाढली.

इंदुरातही नळी पुरती गेलेली नाही. देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी मंडीच्या आवारातील इलेक्ट्रॉन-किरणन केंद्रात 10 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे रेषीय त्वरक आहेत. अशा त्वरकांना सरासरी शक्ती काही किलोवॅटच लागते, पण ती मायक्रोसेकंदांच्या स्पंदांत मेगावॅटच्या पातळीवर द्यावी लागते, आणि तेवढी क्षणिक शक्ती ट्रान्झिस्टरांकडून घेणे अजून परवडत नाही.