टाचेवरचा काळा डाग

वृद्धाश्रमातल्या खाटेवर आत्याच्या अंगावर घरूनच दिलेली सोलापुरी चादर होती, जाड, गडद लाल. रविवार होता. खोलीत फिनेलचा वास, उशीला नवा अभ्रा, केस विंचरलेले. निघताना तिच्या पायावरची चादर सारखी करायला गेले आणि उजव्या टाचेवर रुपयाएवढा काळसर डाग दिसला. बोट लावलं तर पिकल्या चिकूसारखा मऊ लागला. तिथल्या मावशी म्हणाल्या, "चप्पल लागली असेल, ताई." आत्या सात आठवडे अंथरुणातून उठली नव्हती. तिची चप्पल कपाटाखाली धूळ खात पडली होती.

तो डाग म्हणजे बेडसोरची सुरुवात होती. हाड आणि गादी यांच्यात कातडी तासन्‌तास दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं आणि आतलं मांस आधी मरतं. वर दिसतं ते नंतर. म्हणूनच अंथरूण धरलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची, हा शुश्रूषेचा जुना नियम आहे. त्यात महागडं काही नाही. लागतो तो फक्त माणूस, रात्री दोन वाजता उठणारा. तो माणूस तिथे आहे की नाही हे तपासण्याचं काम कुणाचं, असं मी विचारायला लागले आणि उत्तर शोधता शोधता फार मागे जावं लागलं.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. सोलापुरात 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसली की आपण बाळंतपणाचा किंवा छोट्या ऑपरेशनचा दवाखाना समजतो. परदेशात याच शब्दाचा अर्थ म्हाताऱ्या, परावलंबी माणसांनी कायम राहायची जागा असा आहे. आपल्याकडे तिला वृद्धाश्रम म्हणतात आणि 'आश्रम' म्हटलं की डोळ्यांसमोर भजन, तुळशीवृंदावन, बाकावर बसलेले आजी-आजोबा येतात. नळी, डायपर, लघवीची पिशवी त्या चित्रात नसते. आपल्या राज्याच्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बलांना ठेवून उपचार व शुश्रूषा देणारी जागाही येते. म्हणजे शब्दावर गेलं तर अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी कितीतरी ठिकाणं त्यात बसावीत. पण वृद्धाश्रमाकडे दवाखाना म्हणून कुणी बघत नाही. सेवाभावी संस्था तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदवलेल्या असतात आणि तिथे मुख्यतः हिशेब, विश्वस्त, मालमत्ता यांची विचारणा होते. टाच कुणी बघत नाही.

गंमत वाटेल, पण १८६० च्या भारतीय दंड संहितेत या टाचेचा विचार होता. कलम ४९१. वय लहान असल्यामुळे, वेडामुळे, आजारामुळे किंवा शरीर थकल्यामुळे जो असहाय आहे त्याची देखभाल करण्याचा कायदेशीर करार ज्याने केला, त्याने जाणूनबुजून ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३५७ व्या क्रमांकावर आहे, दंड तेवढा ५,००० रुपये झाला. दीडशेहून जास्त वर्षं हे कलम पुस्तकात पडून आहे आणि वृद्धाश्रमात आई-वडील ठेवलेल्या ज्या दहा-बारा घरांशी मी बोलले, त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

त्यानंतर आपलं सगळं लक्ष मुलांकडे वळलं. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, सगळ्यांचा प्रश्न एकच: म्हाताऱ्या आई-बापांना पोटगी कोण देणार? १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया अरबट खटल्यात लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी टाकली. हे सगळं गरजेचंच होतं. मुलगा सोडून गेला म्हणून उपाशी राहणाऱ्या आईसाठी आणखी काय करणार? राज्य सरकारची वृद्धाश्रम अनुदान योजना १९६३ ची, पुरुषांना वयाची ६० आणि बायकांना ५५ वर्षं अशी अट असलेली. १९९५ साली प्रत्येक जिल्ह्यात मातोश्री वृद्धाश्रमाची कल्पना आली. छप्पर आणि जेवण, एवढंच त्या काळी मागणं होतं.

आणि सोलापूरला तर तेही फारसं लागत नव्हतं. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तीच आपली जुनी मिल. तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर कुटुंबं आली, हातमाग आले, मग पॉवरलूम. पूर्व भागातल्या घराघरांत बायका विड्या वळायला बसल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, समोर खाटेवर सासू. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत चारदा उठून सासूला पाणी दिलं जायचं, कूस बदलली जायची. या कामाला कुणी शुश्रूषा म्हटलं नाही, त्याचे पैसे तर कुणी मोजलेच नाहीत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, नातवंडं शिकून पुण्याला गेली आणि खाटेवरची म्हातारी एकटी उरली. त्या सुनेची जागा आता महिन्याच्या पगारावर राबणारी एक मावशी घेते आणि तिच्या समोर एक नाही, पंधरा-वीस खाटा असतात. तिच्यावर मला राग धरता येत नाही.

परदेशात या प्रश्नाकडे आपल्याआधी पाहिलं गेलं, तेही काही आपोआप नाही. पीटर टाऊनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्समधल्या वृद्धांच्या १७३ संस्था पाहिल्या आणि १९६२ साली जे लिहिलं त्याने लोक हादरले. जुन्या काळी गरिबांना डांबण्यासाठी बांधलेल्या इमारतींतच म्हातारी माणसं रांगेने ठेवली होती. त्याच साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने बेडसोरचा धोका अंकांत मोजण्याची पद्धत मांडली. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं, हालचाल, लघवी-संडासवरचा ताबा, या पाच गोष्टींना गुण द्यायचे, बेरीज कमी आली की सावध व्हायचं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या माणसाला हक्क दिले: कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायचं नाही, गुंगीचं औषध द्यायचं नाही, प्रत्येकाची काळजी कशी घ्यायची याचा लेखी आराखडा हवा, तपासणी न सांगता होणार. तिथेही हेळसांड संपलेली नाही. पण तपासणारा खाटेपर्यंत जातो.

२००२ च्या टोरोंटो जाहीरनाम्यात आणखी एक पाऊल पडलं. वृद्धांवरचा अत्याचार म्हणजे केवळ मारणं नाही, जिथे विश्वास ठेवला आहे तिथे करायला हवं ते न करणं हाही अत्याचारच, अशी व्याख्या त्यात आली.

आपला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा त्यानंतरचा. प्रांताधिकाऱ्यांसमोर अर्ज, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर परत मिळण्याची सोय, हे लोकांना आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे. कलम १९ मध्ये जिल्ह्याला किमान एक, निदान १५० निराधार मावतील असा वृद्धाश्रम आहे, पण सरकार तो 'उभारू शकेल' अशी भाषा आहे, 'उभारील' अशी नाही. कलम २४ वृद्धाला कुठेतरी कायमचं सोडून देणाऱ्याला शिक्षा सांगतं. खाटेवर, छताखाली, जेवणाचं ताट समोर ठेवून जो सोडला जातो त्याला हे कलम कसं लागणार? २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात वृद्धांच्या निवासांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा होता. ते संमत झालंच नाही.

म्हणून आज ओळखायचं काम आपल्यावर येतं आणि सोलापुरात त्याला इथले रंग आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. म्हाताऱ्यांना तहान कमी कळते आणि डायपर कोरडा राहावा म्हणून संध्याकाळनंतर पाणी न देण्याची सवय मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिली आहे. जीभ कोरडी, लघवी गडद पिवळी, माणूस एकाएकी बरळायला लागला, तर आधी पाण्याचं विचारा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं तिथे ओल्या चादरी साठून राहतात आणि ओलाव्याने कातडी लवकर फाटते. मग भाषा. स्मृतिभ्रंशात माणूस पुष्कळदा मायबोलीकडे परततो. आत्याच्या शेजारच्या खाटेवरच्या आजी दिवसभर "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत. मराठवाड्यातून नव्याने आलेल्या मुलीला वाटे त्या जप करतात. त्या तेलुगूत पाणी मागत होत्या.

आपल्या सावळ्या कातडीवर बेडसोरची लाली दिसत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट, गरम किंवा टणक लागणारी जागा शोधायची: टाचा, माकडहाड, खुब्याची हाडं, कानामागे. दिसली तर चोळायची नाही, फक्त दाब काढायचा. महिन्याला वजन लिहिलं जातं का ते पाहायचं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र अंगावर आहे की ड्रॉवरमध्ये? मनगटाला ओढणीचे वळ आहेत का? दिवसाढवळ्या गाढ झोप असेल तर गोळ्यांची चिठ्ठी मागायची. प्रश्न विचारल्यावर आजी उत्तराआधी मावशींच्या तोंडाकडे बघतात का, हेही. आणि रविवारी जायचं नाही. रविवारी पुण्याहून सगळे येतात, त्या दिवशी अभ्रे नवे असतात. मंगळवारी दुपारी तीनला जायचं. तक्रार करावीशी वाटली तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, महिन्याला पैसे भरत असाल तर ग्राहक आयोगही आहे, आणि वर सांगितलेलं न्याय संहितेचं ३५७ वं कलम पोलीस ठाण्यात दाखवायला हरकत नाही. पण त्याआधी रात्रीच्या पाळीला किती खाटांमागे किती माणसं, हे लेखी मागा.

मी तेच मागितलं. वृद्धाश्रमाचे चालक आधी चिडले, मग एक दिवस स्वतःच सांगितलं की रात्री एकच मुलगी असते, बावीस जणांना. आम्ही काही घरांनी वर्गणी काढून रात्रीला दुसरी मुलगी ठेवली. आत्याची टाच भरायला साडेतीन महिने लागले. आता तिच्या खाटेच्या डोक्याशी भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो, मावशींच्या अक्षरात: आठ, डावी. दहा, पाठ. बारा, उजवी. गेले की मी आधी तो वाचते. पहाटे चारच्या रकान्यात अजूनही मधूनमधून काहीच लिहिलेलं नसतं.