ओ आली नाही म्हणजे राउटर बंद पडला, असं नाही

माझा भाचा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात इंटरनेट पुरवायचं काम करतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्याचे साठेक राउटर आहेत. कुठे ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुठे दूध डेअरीच्या पत्र्याखाली, कुठे कुणाच्या माडीवर. एवढ्यांवर लक्ष ठेवायला त्याने मुंबईत एक सर्व्हर भाड्याने घेतलाय. तो दर मिनिटाला प्रत्येक राउटरला हाक मारतो. ओ आली तर ठीक, नाही आली तर भाच्याच्या मोबाइलवर लाल अक्षरांत मेसेज पडतो : डाऊन.

गेल्या हिवाळ्यात डेअरीवरच्या राउटरचा हा मेसेज रात्री दोनच्या ठोक्याला यायला लागला. मिनिटभराने 'अप'चा मेसेजही यायचा. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच रात्री हमखास. भाच्याने अ‍ॅडॉप्टर बदलला, वायर बदलली, शेवटी एका रात्री लाइनमन पोराला डेअरीवरच बसवलं. दोन वाजले, फोनवर डाऊन आलं, पोरगा टॉर्च घेऊन उठला. राउटरचे हिरवे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. शेजारी घोंगडी पांघरून बसलेले राखणदार बाबा मोबाइलवर कीर्तन पाहत होते आणि ते क्षणभरही अडकलं नव्हतं. पोराने विचारलं तर बाबा म्हणाले, "काय व्हयनं? नेट चालूच शे ना!"

राउटर मेल्याची बातमी मुंबईहून आली होती आणि त्याच राउटरमधून कीर्तन येत होतं. भाच्याचा फोन आला, "मामा, डोकं चालत नाहीये, तुम्ही एकदा येऊन पाहा." मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, नेटवर्कचा नाद नंतर लागला. असं कोडं मला झोपू देत नाही.

आधी ही हाक म्हणजे काय ते सांगतो. तिचं नाव पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा सोनार 'पिंग' असा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते ओळखतो, त्यावरून हे नाव. हाकेला प्रतिध्वनी द्यायचा नियम १९८१ मध्येच लिहिला गेला होता. म्यूस यांनी तो वापरून हाक मारली आणि घड्याळ लावलं. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल रुळांच्या कडेने गेली असं धरलं, तरी मुंबईची हाक जळगावला येऊन ओ परत जायला जेमतेम ४.२ मिलिसेकंद पुरतात. वाटेतली यंत्रं आणि वळसे धरून दहा-पंधरा म्हणा. आपला सर्व्हर एक सेकंद थांबतो, म्हणजे सत्तर ते शंभर पट. मग ओ का येऊ नये?

लाइनमन पोराचं म्हणणं होतं की हे अमावास्येला होतं. रॅकला कुणीतरी लिंबू-मिरचीही बांधून ठेवली होती. मी सर्व्हरची नोंद उघडून त्याच्यासमोर धरली. पौर्णिमेलाही तेच, एकादशीलाही तेच. अमावास्येची रात्र तेवढी लक्षात राहिली होती, कारण त्या रात्री काहीतरी घडेल म्हणून तो जागा होता. तारखा लिहून ठेवल्या तर अमावास्येची भीती दोन मिनिटांत जाते, हे मी वर्गात पोरांना कायम सांगत आलोय. लिंबू मी स्वतः काढलं, त्यात पाणी असतं आणि खाली विजेचं यंत्र होतं.

त्याच नोंदीत खरी खूण होती. डेअरीच्या पुढे सहा गावं आहेत आणि त्या सहाही गावांची लाइन डेअरीच्या राउटरमधूनच पुढे जाते. दुसरी वाट नाही. रात्री दोन वाजता डेअरीचा राउटर डाऊन होता, पण पुढच्या सहाही गावांचे राउटर ठणठणीत ओ देत होते. पूल पडला असता तर पलीकडची माणसं अलीकडे आली नसती. ती येत होती, म्हणजे पूल शाबूत होता. पुलावरचा चौकीदार तेवढा हाकेला ओ देत नव्हता.

त्या रात्री मी भाच्याच्या घरी लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून बसलो. डावीकडे डेअरीच्या राउटरला सेकंदाला एक पिंग, उजवीकडे त्याच्या पुढच्या गावाला. एक एकोणसाठपर्यंत दोन्हीकडे ओळी सरसर उतरत होत्या. दोन वाजले आणि डावी खिडकी अडखळली. वेळ संपली, वेळ संपली, वेळ संपली, मग अचानक एक ओ, तीही झटपट आलेली, मग पुन्हा आठ-दहा वेळा काही नाही. उजवी खिडकी तशीच सरसर चालू. मधूनच आलेली ती एक ओ पाहून मी ताठ बसलो. दमलेलं यंत्र उशिरा ओ देतं. हे यंत्र दिलीच तर झटकन देत होतं, नाहीतर देतच नव्हतं. म्हणजे आत कुणीतरी मोजून ओ देत होतं.

राउटरची दोन कामं अगदी वेगळी आहेत. एक, आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पत्ता बघून पुढे ढकलणं. दुसरं, स्वतःच्या नावाने आलेल्या हाकेला ओ देणं. मोठ्या राउटरमध्ये पहिलं काम खास चिप करते आणि दुसरं प्रोसेसरकडे जातं. लहान राउटरमध्ये दोन्ही एकाच प्रोसेसरवर असली तरी त्यांचे नियम वेगळे लावता येतात. कुणी लाखो पिंग मारून राउटरला जेरीस आणू नये, म्हणून स्वतःच्या नावाने आलेल्या हाकांवर मर्यादा घालायची पद्धत आहे. भाच्याला विचारलं तेव्हा त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी असा मारा झाला होता, तेव्हा त्याने डेअरीच्या राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे काय आत घ्यायचं आणि काय अडवायचं ते ठरवणाऱ्या यादीत, नियम घातला होता : सेकंदाला पाच पिंग घ्यायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या.

ही मर्यादा ज्या युक्तीने पाळली जाते तिला टोकन बकेट म्हणतात, आणि मला ती फार आवडते. उन्हाळ्यात स्टँडवर पाणपोई असते ना, तशी कल्पना करा. एक लहान माठ, त्यात पाच पेले पाणी मावतं. वरून बारीक धार चालू आहे, सेकंदाला पाच पेले भरतील एवढी. येणारा प्रत्येक जण एक पेला पितो. माणसं कमी असली तर माठ भरलेला राहतो आणि जास्तीचं पाणी सांडून जातं, ते उद्यासाठी साठत नाही. एकदम पाच जण आले तरी सगळ्यांना मिळतं. पण सेकंदाला पन्नास जण यायला लागले, तर? माठ पहिल्या क्षणातच रिकामा होतो. त्यानंतर धारेतून जेवढं पडेल तेवढंच, म्हणजे दहातल्या एकालाच पाणी. बाकीच्यांना रांग लावायचीही सोय नाही, त्यांना कोरडंच परत जावं लागतं. पाणपोई तुम्हाला ओळखत नाही. ज्याच्या पाऊल टाकण्याच्या क्षणी पेला भरलेला असेल, त्याला मिळतो. म्हणून ओ आली की झटपट येते, नाही आली की येतच नाही.

मग रात्री दोनला ही गर्दी कुणाची? शोध चोपड्यातल्या भाच्याच्याच ऑफिसात संपला. दिवाळीनंतर नवी फायबर टाकल्यावर त्याने लाइनचा दर्जा तपासायला एक चाचणी लावून ठेवली होती. रोज रात्री दोन वाजता, एक मिनिट, सेकंदाला पन्नास पिंग, नेमक्या डेअरीच्या राउटरला. त्या चाचणीचा अहवालही रोज नव्वद टक्के पॅकेट हरवल्याचं सांगत होता, पण तो उघडून कुणी पाहत नव्हतं. चाचणीच्या त्या मिनिटात मुंबईची हाकही त्याच गर्दीत येत होती.

आता तुम्ही म्हणाल, मॉनिटरिंगवाले एका हाकेवर विश्वास ठेवत नाहीत, तीनदा हाक मारतात. खरं आहे, आमचाही सर्व्हर तीनदा मारतो. इथे थोडं गणित आहे, पण ते सोडू नका.

समजा लाइनवर शंभरातली एक पिंग कुठेतरी उगाच हरवते. दिवसात १४४० मिनिटं. एका हाकेवर निकाल द्यायचा म्हटलं तर एकेका राउटरचे दिवसाला चौदा खोटे इशारे. सलग तीन हाका हरवल्या तरच डाऊन म्हणायचं ठरवलं, तर ती शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे एका राउटरचा खोटा इशारा जवळजवळ दोन वर्षांत एकदा. दोन जास्तीच्या हाकांनी केवढा फरक पडला! साठ राउटर धरले तरी बारा दिवसांत एकच.

पण हे गुणाकार एका अटीवर खरे आहेत. प्रत्येक हाक हरवण्याचं कारण आधीच्या हाकेपासून स्वतंत्र हवं, नाणं तीनदा उडवावं तसं. आमच्या तीन हाका एकेका सेकंदाच्या अंतराने जात होत्या. एकाच सरीत तीनदा अंगणात हात काढून पाहावा आणि तिन्हीदा ओला झाला म्हणून महिनाभर पाऊस आहे असं ठरवावं, तसं ते झालं. पाणपोईची गर्दी मिनिटभर टिकते. त्या मिनिटात प्रत्येक हाक हुकण्याची शक्यता ०.९. तिन्ही हुकण्याची ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३. दर चार रात्रींपैकी सुमारे तीन रात्री खोटा इशारा. आठवड्याला पाच. जे घडत होतं ते हेच, आणि 'रोज का नाही' याचंही उत्तर त्यातच होतं.

हाका मोजण्याइतकंच त्या किती अंतराने मारता यालाही महत्त्व आहे. आम्ही अंतर चाळीस सेकंदांचं केलं. पहिली आणि तिसरी हाक यांत ऐंशी सेकंद, म्हणजे मिनिटाची गर्दी दोन्हींना गाठूच शकत नाही. खरोखर बंद पडलेल्या राउटरची बातमी त्यामुळे सव्वा-दीड मिनिट उशिरा येते. ९९.९ टक्के सेवा द्यायची म्हटलं तरी तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहायची मुभा असते, त्यात हा उशीर बसतो. राउटर एकमेकांची खबर घेतात तेव्हा तेही असेच धीराने वागतात. ओएसपीएफ नावाच्या पद्धतीत ते साधारणपणे दर दहा सेकंदांनी 'मी आहे' असं सांगतात आणि शेजाऱ्याला मेलेला ठरवायला चाळीस सेकंद थांबतात.

याच्या मुळाशी एक खोल गोष्ट आहे. निरोप पोचायला किती वेळ लागेल याची हमीच नसेल, तर दूर बसलेल्याला मंद यंत्र आणि मेलेलं यंत्र यांतला फरक खात्रीने करता येत नाही. हीच अडचण धरून फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की अशा जाळ्यात एक यंत्र जरी बंद पडू शकत असेल, तरी सगळ्यांचं एकमत हमखास होईलच अशी पद्धत असू शकत नाही. हल्ली 'एआयवर चालणारं मॉनिटरिंग, तत्काळ इशारा, शून्य खोटे अलार्म' अशा जाहिराती येतात. तत्काळ आणि शून्य ही दोन्ही वचनं एकत्र देणाऱ्याकडून काही घेऊ नका. घाई वाढवली की खोटे इशारे वाढतात, धीर वाढवला की खरे उशिरा येतात. त्यांतला तोल आपल्या लाइनला साजेल असा आपणच ठरवायचा असतो.

खोट्या डाऊनची बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. सगळे साठ राउटर एकाच क्षणी मेले तर समजावं की सर्व्हरची स्वतःची लाइन गेली आहे. रस्त्यातला एक राउटर खरंच गेला तर त्याच्या पलीकडचे सगळे डाऊन दिसतात. सर्व्हरला कोण कोणाच्या पलीकडे आहे हे नीट सांगितलं तर तो त्यांना 'पोचता येत नाही' अशा वेगळ्या नावाने दाखवतो. संध्याकाळी सगळं गाव क्रिकेट लावून बसलं की लाइन तुडुंब भरते, पॅकेट राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकून राहतात आणि ओ सेकंदाची मुदत उलटून गेल्यावर येते. उशिरा आलेली ओ सर्व्हर न आलेलीच धरतो. या तुंबण्याला जिम गेटिस यांनी बफरब्लोट असं नाव दिलंय. तिथे हाका वाढवून उपयोग नाही, मुदत वाढवावी लागते.

आम्ही फायरवॉलमध्ये मर्यादेच्या नियमाच्या वर एक ओळ घातली : मुंबईच्या सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेली पिंग आधी घ्यायची. वर घालणं महत्त्वाचं, कारण नियम वरून खाली वाचले जातात. चाचणीचा वेग सेकंदाला दोनवर आणला. डेअरीचा राउटर गप्प आणि पुढची गावं बोलती असतील तर मेसेज न पाठवता नुसती नोंद करायची, हेही सर्व्हरला शिकवलं.

एवढा खटाटोप मला गरजेचा वाटला, कारण मधल्या काळात भाच्याने रात्रीचा फोन सायलेंटवर टाकायला सुरुवात केली होती. त्याला दोष देत नाही, रोज रात्री दोनला उठून कोण किती दिवस पाहील? पण चोपडा, यावल, रावेरच्या केळीवाल्यांना विचारा, उन्हाळ्याच्या शेवटी येणारं वादळ एका रात्रीत उभी बाग आडवी करतं. तेच वादळ खांबही पाडतं. त्या रात्री फोन सायलेंटवर असला तर सहा गावं सकाळपर्यंत तुटलेली राहतात आणि कुणाला दवाखान्याची गाडी बोलवायची असली तरी फोनवरून काही हलत नाही.

नंतर दीड महिना डेअरीचा एकही मेसेज आला नाही. मग एप्रिलात दुपारी तीनला आला, आणि त्याबरोबर पुढच्या सहाही गावांसमोर 'पोचता येत नाही'. भाच्याने जेवता जेवता ताट सरकवलं आणि लाइनमनला फोन लावला. पोरगा पोचला तेव्हा पत्र्याखाली हात लावता येत नव्हता एवढा अ‍ॅडॉप्टर तापला होता आणि राउटरचे सगळे दिवे विझलेले होते. नवा अ‍ॅडॉप्टर लावून त्याने राउटर पत्र्यापासून हातभर खाली, मातीच्या भिंतीला लावला. तीन एकोणपन्नासला 'अप' आलं.