लिनक्स टाकलं की मराठी फायली बिघडतात?

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं म्हटलं की हा निरोप हमखास पुढे येतो : 'लिनक्सवर मराठी चालत नाही, जुन्या फायलींची वाट लागते.'

भीती अगदीच हवेतली नाही. रत्नागिरीकडच्या एका बागायतदारांची आंब्याच्या पेट्यांची यादी लिनक्सवर उघडली, तर 'हापूस'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. पण दोष लिनक्सचा नव्हता. यादी युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) आधीच्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेली. अशा फायलीत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठतात, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. तो नसेल तर विंडोजवरही हेच दिसतं. युनिकोडमध्ये मात्र १९९१पासून 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. त्यामुळे तो मजकूर दोन्हीकडे 'क'च राहतो.

खात्री घरीच करता येते. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच राहिला तर युनिकोड, निश्चिंत असा. काला झाला तर आधी फॉन्ट कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) काढून घ्या. मग लिनक्स मिंटचा (हा लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह बनवा (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, बरं का!), त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा आणि फाइल उघडून बघा. 'इन्स्टॉल'ला हात लावेपर्यंत विंडोज जागच्या जागी असतं.