कातडी बांधणी आणि मकाब्रची आवड : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एका जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मार्च २०२४मध्ये आपल्या संग्रहातल्या एका फ्रेंच पुस्तकाची बांधणी उतरवल्याचे जाहीर केले. बांधणी कातडी होती आणि कातडे माणसाचे होते. सांगाड्यांची चित्रे, कवट्यांच्या ग्रंथमुद्रा (पुस्तकाच्या आत चिकटवलेली मालकाची चित्रचिठ्ठी), काळ्या विनोदाची चित्रपुस्तके जमवणाऱ्या वाचकांमध्ये तेव्हापासून दोन तट पडले आहेत : बांधणी उतरवली ते योग्यच झाले असे एक म्हणतो, ही नसती सोवळेगिरी असे दुसरा. दोन्ही बाजू 'मकाब्र' हा मृत्यूच्या चेष्टेखोर चित्रणासाठीचा एकच शब्द वापरतात आणि दोन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलतात, म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

हा शब्द लेखी स्वरूपात पहिल्यांदा सापडतो तो १३७६च्या एका फ्रेंच कवितेत, 'नाच' या शब्दाच्या जोडीने. तो आला कुठून, यावर एकमत नाही. बायबलच्या परंपरेतल्या मकाबी हुतात्म्यांशी काही जण तो जोडतात. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'मकाबींचा नाच' असा प्रयोग आढळतो. काही जण अरबी 'मकाबिर', म्हणजे कबरी, याकडे बोट दाखवतात. मराठी कानाला लगेच 'मकबरा' ऐकू येतो आणि ही दुसरी व्युत्पत्ती झटकन पटते. पण कानाला पटणे हा काही पुरावा नव्हे. मराठीत प्रतिशब्द शोधू गेले की आणखी पंचाईत होते. 'भेसूर' म्हटले तर हसू निसटते, 'बीभत्स' म्हटले तर किळस तेवढी उरते, 'अघोरी' म्हटले की मंत्रतंत्र आलेच. मकाब्रमध्ये मृत्यू समोर उभा असतो आणि तो जरासा चेष्टेखोर असतो. या दोन्ही गोष्टी एकत्र नसतील, तर तो शब्द मी तरी वापरणार नाही.

चित्रांचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे : १४२४-२५मध्ये पॅरिसमधल्या एका दफनभूमीच्या भिंतीवर रंगवलेला मृत्यूचा नाच, म्हणजे माणसांना ओढून नेणारे सांगाडे, १४८५मध्ये त्याचे छापील पुस्तक, १५३८मध्ये फ्रान्समधल्याच लिओं शहरात निघालेल्या इवल्याशा लाकडी ठशांची मालिका. पुस्तकवेड्याने थांबावे ते १४९९च्या लिओं आवृत्तीतल्या एका पानापाशी. सांगाडे छापखान्यात शिरले आहेत. एकाने खिळे जुळवणाऱ्याला धरले आहे, दुसऱ्याने यंत्रावरच्या कामगाराला, आणि शेजारच्या दुकानातून पुस्तकविक्रेताही चालला आहे. छापखान्यातल्या यंत्राचे हे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्र. म्हणजे छापणाऱ्यांनी आपल्या धंद्याचे चित्र काढले ते स्वतःला मृत्यूच्या हाती देऊन. पुढे जे सांगायचे आहे, त्यासाठी हे चित्र लक्षात ठेवावे.

मधली शतके इथे सोडून देतो. आजच्या संग्राहकाची आवड घडवली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने, त्यातही एका अमेरिकन चित्रकाराने. १९५३पासून काही वर्षे तो न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनगृहात गंभीर वाङ्मयाच्या स्वस्त पेपरबॅक आवृत्त्यांची मुखपृष्ठे करत होता आणि त्यांवरची अक्षरेही हातानेच काढत होता. १९६३मध्ये त्याचे वर्णमालेचे चित्रपुस्तक आले : २६ अक्षरे, २६ मुले, २६ मृत्यू, सगळे यमकात. रक्त जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या आडव्यातिडव्या बारीक रेघांनी भरलेल्या भिंती आणि अपघाताच्या एक क्षण आधी शांत उभे असलेले मूल. अशा पुस्तकांचे सुख रोजचे आणि लहानसे असते. तळहातावर मावणारे आकारमान, शाईचा दाट काळेपणा, दहाव्यांदा चाळताना कोपऱ्यात पहिल्यांदाच दिसणारी सुरई. जुन्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला कुणाची तरी कवटी-वाळूघड्याळाची ग्रंथमुद्रा निघाली, तर तो दिवस सार्थकी लागतो.

आता ती बांधणी. माणसाच्या कातड्याची पुस्तके म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे मध्ययुगीन तळघरे येतात. खात्रीलायक उदाहरणे मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहेत, आणि त्यांच्यामागे पुष्कळदा ग्रंथप्रेमी डॉक्टर आहेत. एडिंबरोत १८२९मध्ये फाशी दिलेल्या एका खुन्याच्या कातड्याची छोटी वही तिथल्या वैद्यकीय संग्रहालयात आजही आहे. वादातले फ्रेंच पुस्तक १८८०च्या दशकातले. विषय आत्मा आणि मृत्यूनंतरचे जीवन. लेखकाने ते एका डॉक्टर मित्राला दिले. हा डॉक्टर ग्रंथमुद्रा जमवणाऱ्यांच्या वर्तुळातला नावाजलेला माणूस, म्हणजे आपल्यातलाच. रुग्णालयात मरण पावलेल्या एका स्त्रीचे कातडे त्याने तिच्या संमतीविना काढून ठेवले होते. मानवी आत्म्यावरच्या पुस्तकाला मानवी आवरणच शोभते, अशा अर्थाची चिठ्ठी त्याने आत ठेवली.

पुस्तक १९३४मध्ये ग्रंथालयात आले. कातडे खरोखर माणसाचे आहे, हे सिद्ध झाले २०१४मध्ये. कमावलेल्या कातड्यातला डीएनए बहुधा खराब झालेला असतो, शिवाय हाताळणाऱ्यांचा त्यात मिसळतो. म्हणून कणभर नमुन्यातल्या कोलाजेनचे, म्हणजे कातड्यातल्या मुख्य प्रथिनाचे, तुकडे करून त्यांच्या वस्तुमानांचा नमुना कोणत्या प्राण्याशी जुळतो, हे पाहतात. त्याच वर्षी त्याच विद्यापीठातले दुसरे एक पुस्तक तपासले गेले. जिवंत सोललेल्या माणसाच्या कातड्याचे म्हणून ते मिरवत होते. ते मेंढीचे निघाले!

बांधणी उतरवण्यावरचे आक्षेप पोकळ नाहीत. बांधणी हा पुस्तकाच्या इतिहासाचा भाग असतो. ती काढली की पुरावाच विस्कटतो. अशी आणखी पुस्तके ठिकठिकाणी आहेत, त्यांचेही हेच करायचे का? जुन्या ग्रंथांचे काही अभ्यासक हे तळमळीने विचारतात, आणि बांधणीशास्त्राच्या अंगाने त्यांचे बरोबरच आहे. पण 'मकाब्र कलेवर आलेली सोवळेगिरी' हा जो सूर संग्राहकांत निघतो, तो मला पटत नाही. १४९९चा छापणारा स्वतःच्या मरणावर हसला होता. या डॉक्टरने विनोद केला तो दुसऱ्याच्या देहावर, आणि त्या स्त्रीला तो ऐकूही गेला नाही. ग्रंथालयानेही पुढे तोच विनोद चालवला. नव्या विद्यार्थी कर्मचाऱ्यांना काही न सांगता ते पुस्तक आणायला पाठवण्याची खोडी तिथे चालत असे, आणि २०१४चे निष्कर्षही थट्टेच्या सुरात प्रसिद्ध झाले. २०२४च्या निवेदनात या दोन्ही गोष्टींची कबुली आहे. वादात मात्र तिचा उल्लेख क्वचितच होतो.

उतरवलेले कातडे तेव्हा वेगळे, सुरक्षित ठेवण्यात आले. त्याची सन्मानाने व्यवस्था कशी लावायची हे फ्रान्समधल्या अधिकाऱ्यांशी बोलून ठरवू आणि ती स्त्री कोण होती याचाही शोध घेऊ, असे ग्रंथालयाने जाहीर केले.