केसांची गोळी, मूळची बीपीची

गणपतीला मुंबईहून आलेल्या एखाद्या चाकरमान्याचे केस दाट झालेले दिसले, की आरतीनंतर गोळीचं नाव विचारलं जातंच. रत्नागिरी-मालवणकडची तरुण मुलं केसगळतीचं खापर बोअरिंगच्या खारट पाण्यावर फोडतात. पण पुरुषांचं टक्कल पाण्याने पडत नाही. आनुवंशिकता आणि टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे संप्रेरक, यांचा तो परिणाम. केसांसाठी घेतली जाणारी मिनॉक्सिडिलची गोळी त्या डीएचटीला हातही लावत नाही.

ही गोळी रक्तदाबाची. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबासाठी अमेरिकेत १९७९ साली तिला मान्यता मिळाली. ती घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले आणि त्या दुष्परिणामातूनच डोक्याला लावायचं द्रावण निघालं. त्याला १९८८ मध्ये तिथे मान्यता मिळाली. केसांसाठी गोळीला मात्र तिथे मान्यता नाही. तरी त्वचारोगतज्ज्ञ ती देतात, आणि त्यात गैर काही नाही. रक्तदाबासाठी सहसा १० ते ४० मिलीग्रॅम लागतात, केसांसाठी पुरुषांना बहुधा अडीच ते पाच.

मात्रा उतरली तरी औषधाचा स्वभाव तोच राहतो. रक्तवाहिन्या सैलावतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरा; काढल्यावर खळगा तसाच राहिला तर पायावर सूज आहे आणि डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. छातीत धडधड होते, उठताना चक्कर येते. मे महिन्याच्या उकाड्यात घामाने निथळत होडीवर जाळं ओढणाऱ्याला ही चक्कर फार महागात पडेल. बीपीची दुसरी गोळी आधीच चालू असेल तर आणखीच.

एवढं पत्करून गोळीने केस जास्त येतात का? ब्राझीलमध्ये पुरुषांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ५ मिलीग्रॅमची गोळी आणि दिवसातून दोनदा लावायचं ५ टक्क्यांचं द्रावण यांची २४ आठवडे तुलना झाली. गोळी सरस ठरली नाही. दमट हवेत चिकट द्रावण नकोसं होतं, टाळू खाजते, हे खरंच आहे. गोळी मागण्याचं ते रास्त कारण आहे आणि डॉक्टरांना तेच सांगावं.

मित्राच्या पाकिटातली गोळी मात्र घेऊ नका. बाजारात १० मिलीग्रॅमचीही मिळते, आणि ब्लेडने कापलेल्या तुकड्यावर आकडा नसतो. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि गोळी थांबवली की आलेले केस पुन्हा जातात. म्हणून ती किती वर्षं घ्यायची आणि तोवर बीपी कधी-कधी तपासायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.